टेपचं दुसरं टोक

लखनौ
९ फेब्रुवारी २०२५

ती. आई,

नमस्कार. काल फोनवर तुम्ही विचारलंत, "बाकी काय विशेष?" आणि मी म्हटलं, "काही नाही, ठंड आहे." विशेष होतं. पण प्रसाद गेल्यापासून आपलं ठरलंय ना, फोनवर फक्त जेवलीस का आणि औषध घेतलंत का, बाकीचं सगळं कागदावर. नाहीतर दोघींना रडू येतं आणि बाबा फोन काढून घेतात. सव्वादोन वर्षं हा नेम पाळलाय, म्हणून आजही लिहायला बसले.

मी घर बघतेय, विकत घ्यायला. आलमबागच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना वरचा मजला हवाय. पुन्हा भाड्याचं घर शोधायचं आणि पुन्हा दारोदार "अकेली रहेंगी?" ऐकून घ्यायचं, याचा खरंच कंटाळा आला. शहीद पथाकडचे नवे फ्लॅट बघून आले. चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली बघितलं आणि तशीच मागे सरकून आत आले. विमानतळावर नोकरी करणारी बाई उंचीला घाबरते म्हणून हसू नका.

मग अलीगंजात एक छोटंसं जुनं मकान कळलं. १९८२च्या सरकारी योजनेतलं, एकमजली. गल्लीतल्या बाकी घरांवर तीन-तीन मजले चढलेत, हे तेवढं आहे तसं राहिलंय. पुढे एक खोली, मागे एक खोली, बाजूला स्वयंपाकघर, मागे आंगन, आणि बाहेरून छतावर जाणारा जिना. आंगनात एक हँडपंप आहे, तो बंद आहे पण दिसतो छान. बाहेर पडलं की सब्जीवाला, टेलर, दवाखाना, दोन शाळा. स्कूटीने मेट्रो स्टेशन दहा-बारा मिनिटं, तिथून थेट अमौसी विमानतळ.

मालकीण देविका सक्सेना, रिटायर्ड टीचर, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मुलीकडे बरेलीला निघाल्यात. मी टेप काढायला गेले तर म्हणाल्या, "घर कहीं भागा नहीं जा रहा, पहले मठरी खाइए." चहा, मठरी, मग लोणचं, मग पुन्हा चहा. आम्ही निघालो तेव्हा अंधारलं होतं आणि मोजायचं राहूनच गेलं.

घर मला आवडलंय, आणि म्हणूनच भीती वाटते. मागच्या खोलीत कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत तडा आहे. पुढच्या खोलीत सीलन आहे. दलाल म्हणतो, "मैडम, पुट्टी मरवा लीजिए, सब बराबर." सगळी साठवण घालून वर बँकेचं कर्ज काढायचं, असं आयुष्यात एकदाच जमणार. चुकलं तर मला दुसरं घर नाही. तुम्ही बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं नकाशे काढलेत. मला या जगात असं विचारायला दुसरं कोणी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सांगा, मी काय काय बघू?

बाबांना नमस्कार.

तुमची
ऋता

सांगली
१७ फेब्रुवारी २०२५

चि. ऋता,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. एकदा सासू म्हणून आणि एकदा आरेखक म्हणून. सासूला आनंद झाला. आरेखकाला राग आला, कारण अख्ख्या पत्रात हँडपंप आहे, मठरी आहे, पण एक माप नाही.

आणि सीलन नाही गं बाई, ओल. वडील रेल्वेत म्हणून जन्म लखनौत गेला हे मान्य, पण माझ्या सुनेने भिंतीला ओल आली म्हणावं एवढी माझी अपेक्षा आहे.

घर पाहावं बांधून म्हणतात. तुझ्यावर नुसतं बघून पारख करायची पाळी आलीय आणि माझ्यावर उंटावरून शेळ्या हाकायची. तेव्हा आधी उंट तरी नीट उभा करू. पुढच्या वेळी चहाच्या आधी टेप काढ. पोलादी, तीस फुटी. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती स्वतंत्र मोज. समोरासमोरच्या भिंती सारख्याच असणार असं धरून चालायचं नाही. मग दोन्ही कर्ण घे, म्हणजे एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही कर्ण सारखे आले तर खोली काटकोनात. कमी-जास्त आले तर कुठली तरी भिंत सरकलेली आहे, किंवा कुणीतरी सरकवलेली आहे. माणसं लपवतात, कर्ण लपवत नाहीत. हे काम एकटीने होत नाही. टेपचं दुसरं टोक कोपऱ्यात घट्ट धरायला माणूस लागतो. तुझ्या काउंटरवरच्या त्या शिवांगीला घेऊन जा.

तडा सरळ आहे की पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो? वर रुंद की खाली? रुपयाचं नाणं आत जातं का? ओल जमिनीपासून किती वर आलीय आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे? छताला काठीने ठिकठिकाणी ठोक. भरीव वाजतं की पोकळ, ते कानाने ऐक. दारांची उंची घे. आणि हे सगळं मोजलं तिथल्या तिथे लिही, घरी येऊन आठवून नाही.

यांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे आता ती तिकडचीच झाली." मी म्हटलं, ती होतीच तिकडची, आपलाच मुलगा तिकडे गेला होता. तू मनावर घेऊ नकोस. त्यांना वाटतं तुझी बदली पुण्याला व्हावी. वाटतं मलाही, पण मी बोलत नाही.

थंडीत कानाला बांधत जा.

तुझी
आई

लखनौ
३ मार्च २०२५

ती. आई,

नमस्कार. घ्या तुमची मापं. चहाच्या आधी टेप काढला, देविकाजी जरा रुसल्याच.

पुढची खोली बारा फूट बाय दहा. कर्ण पंधरा फूट साडेसात इंच, आणि दुसराही तेवढाच. मागची खोली दहा बाय नऊ म्हणतात, पण एक भिंत नऊ फूट आणि तिच्या समोरची नऊ फूट सात इंच. कर्ण तेरा फूट सहा इंच आणि तेरा फूट दहा. दोनदा मोजले. तुमचं म्हणणं खरं, नुसत्या डोळ्यांना खोली अगदी सरळ दिसते.

तडा मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, छतापासून फरशीपर्यंत, ओळंबा सोडल्यासारखा सरळ. वर-खाली सारखाच. नाणं अर्धं जातं. पुढच्या खोलीतली ओल जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत आहे आणि पलीकडे न्हाणीघर आहे. छत सगळीकडे भरीव वाजलं, फक्त स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात डबडब आवाज आला. तिथे प्लास्टरला पोपडे आहेत. स्वयंपाकाचा ओटा माझ्या मापाचा आहे, इथे असं क्वचित असतं.

दारं साडेसहा फुटी आहेत, फक्त मागच्या खोलीतून आंगनात जायचं दार पाच फूट नऊ इंच. फारच बुटकं. रोज जाता-येता वाकावं लागेल.

एक सांगते. मोजून झाल्यावर आंगनात उन्हात बसलो होतो. शेजारच्या छतावर कोणीतरी पापड घातले होते आणि देविकाजी मटार सोलत होत्या. मला अचानक वाटलं की मी इथे म्हातारी होऊ शकते. प्रसाद गेल्यावर पुढच्या वर्षाचा विचार मी केलाच नव्हता, आई. त्या दिवशी एकदम तीस वर्षांचा केला. नंतर मला स्वतःचीच लाज वाटली.

होळीची गुजिया पाठवतेय. बाबांना डायबिटीस आहे हे लक्षात आहे, त्यांना एकच द्या.

तुमची
ऋता

सांगली
१२ मार्च २०२५

चि. ऋता,

आशीर्वाद. गुजिया पोचल्या. यांनी तीन खाल्ल्या, मला एक सांगितली.

तुझी मापं घेऊन मी चार दिवस जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलंय. आलेखाचा कागद आणला, जुनी पट्टी शोधली, पेन्सिलला टोक केलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा असं काम केलं. झोप छान लागली.

आता ऐक. पुढची खोली चोख. मागची खोली सरकारी नकाशाप्रमाणे नाही. मागची भिंत नंतर कुणीतरी बाहेर ढकलून बांधलीय आणि गवंड्याने काटकोन बघितला नाही. तुझा तडा त्यामुळेच आहे. पाया खचला असता तर तो पायऱ्यापायऱ्यांनी, एका टोकाला रुंद होत गेला असता. हा सरळ आहे, म्हणजे जुनी भिंत आणि नवी भिंत एकमेकींत न गुंतवता नुसती चिकटवून उभी केलीय. घर पडत नाही. कोपरा खोदून, सळ्या घालून सांधून घेता येतो. पण भिंत कधी हलवली आणि परवानगी घेतली होती का, ते त्या बाईंना नीट विचार आणि कागद बघ.

ओल न्हाणीघराच्या नळातून येतेय, जमिनीतून नाही. जमिनीतून असती तर चारी भिंतींना आली असती. स्वयंपाकघराचा कोपरा फोडून सळई किती गंजलीय ते बघायला लावायचं. आणि बुटकं दार म्हणजे भिंत हलवली तेव्हा बसवलेली जुनी चौकट असेल. वरची विटेची ओळ काढून उंच करता येईल.

आता दाराचंच बोलते. बाळा, तू पाच फूट एक इंच. पाच फूट नऊच्या दारातून तुला वाकावं लागत नाही. डोक्यावर कळशी घेतलीस तरी नाही.

ते वाक्य वाचलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली. आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीला प्रसाद नववीत असताना मी जुनं धोतर गुंडाळून बांधलं होतं, आठवतं ना? दर महिन्याला कपाळ फोडून घ्यायचा. ते अजून तिथेच आहे, सोडायला हात होत नाही. मला वाटायचं, वेडेपणा करणारी मी एकटीच. आणि तू तिकडे, हजार मैलांवर, त्याच्या उंचीने दारं बघत फिरतेस.

खरं सांगते, मला रडू आलं पण बरं वाटलं. वाटलं, जगात अजून एक माणूस आहे ज्याच्या डोळ्यांसमोर माझा मुलगा सहा फूट उभा आहे. यांना दाखवलं. यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पोर गुणाची आहे."

पण त्याच्यासाठी दार मोजू नकोस गं आता. तुझ्या मापाचं घर घे. लाज कसली वाटते तुला, तीस वर्षं तर तीस वर्षं.

तुझी
आई

लखनौ
२० मार्च २०२५

ती. आई,

नमस्कार. तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. देविकाजींना विचारलं तर त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आपकी सास ने सांगली में बैठे-बैठे पकड़ लिया?" चौऱ्याण्णव साली त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा पलंग आणि व्हीलचेअर दोन्ही मावावं म्हणून नवऱ्याने भिंत बाहेर घेतली. बदललेला नकाशा तेव्हाच मंजूर करून घेतलेला आहे, कागद दाखवला. फोटोकॉपी सोबत जोडलीय.

इथपर्यंत लिहून मी उठले, कपडे वाळत घातले, परत आले. आता खरं लिहिते.

आई, ते दार मी प्रसादसाठी मोजलं नव्हतं.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी विचार केला की हे असंच राहू द्यावं. तुम्हाला बरं वाटलं होतं, बाबांनी चष्मा पुसला होता. मी गप्प बसले असते तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण मग या घराबद्दल पुढे तुम्ही जे जे लिहाल ते सगळं त्या एका खोट्यावर उभं राहील. तुमच्याकडून तडे तपासून घ्यायचे आणि तुमच्यापासूनच लपवायचं, हे मला जमत नाहीये.

तुम्ही लिहिलं होतं शिवांगीला ने. मी तिला नेलं नाही. टेपचं दुसरं टोक धनंजयने धरलं. आंगनात जाताना तो वाकला, मी बघितलं आणि तुम्हाला लिहिलं. त्याला वाक्यातून काढून टाकलं, पण त्याचं वाकणं राहून गेलं.

धनंजय बाजपेयी. अलीगंजमधल्या एका इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, देविकाजी पूर्वी तिथेच होत्या. छत्तीस वर्षांचा आहे, लग्न झालेलं नाही. त्याच्या आईला व्हीलचेअर लागायची, दोन वर्षांपूर्वी मुंबईला उपचारांना नेताना माझ्या काउंटरवर आला होता. आई वारल्यावर सांगायला आला. बास, तिथून बोलणं सुरू झालं. त्याला प्रसादबद्दल सगळं माहीत आहे. तो विचारतो, मी सांगते, कधी मी रडते आणि तो चहा करून आणतो. चहा भयंकर करतो. प्रसादसारखा अजिबात नाही, उंची सोडली तर. सारखा असता तर मला जमलंच नसतं.

आम्ही लग्न करायचं म्हणतोय. घर दोघांचं असेल.

प्रसादवरचं माझं काही कमी झालेलं नाही. हे लिहून पटत नसतं हे मला कळतं, तरी लिहिते. तुम्ही रागवाल याची मला भीती वाटते, पण त्याहून जास्त भीती वेगळीच आहे. माझे आईवडील नाहीत, म्हणजे माहेर नाही. सासर होतं ते प्रसादमुळे. आता मी दुसरं लग्न केलं तर सांगलीला मी कोण? तुम्हाला आई म्हणायचा मला काय हक्क? तुमचं पत्र येणं बंद झालं तर मला मराठीत कोणी ओरडणारंही उरणार नाही.

घर सोडून देता येईल. तुम्ही सुटलात तर ते मला सोसणार नाही.

ऋता

लखनौ
२१ एप्रिल २०२५

ती. आई,

नमस्कार. महिना झाला, तुमचं पत्र नाही. पाडव्याला फोन केला तर बाबांनी उचलला. "झोपलीय ती" म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते. तुम्ही दहा वाजता झोपत नाही, आजारी असतानासुद्धा. त्यानंतर फोन करायचा धीर झाला नाही.

मी समजले. रागवा, तुमचा हक्क आहे.

देविकाजींकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय. त्यांनी मला ५ मेपर्यंत थांबते म्हणून शब्द दिलाय, त्यापुढे त्यांनाही नाइलाज आहे. मी धनंजयला सांगितलं की तुमचं पत्र आल्याशिवाय मी बयान्याची रक्कम देणार नाही. तो म्हणाला, "ठीक है." मी विचारलं, आलंच नाही तर? तर म्हणाला, "तो सांगली चलेंगे, पूछ कर आएँगे." मी त्याला म्हटलं, तू आमच्या आईंना ओळखत नाहीस.

तुम्ही दोघं बरे आहात एवढंच एका ओळीत कळवा. बाकी काही नको.

ऋता

सांगली
२७ एप्रिल २०२५

चि. ऋता,

आशीर्वाद. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतेय, म्हणजे पाच तारखेच्या आत मिळेल.

पहिले आठ दिवस मी तुझा राग केला. खोटं कशाला सांगू. तुझ्या लग्नाचा नाही, त्या दाराचा. मला वाटलं होतं, माझ्या मुलाला कुणीतरी अजून उभं धरून ठेवलंय, आणि तिथे दुसराच कुणी वाकत होता. मी तो नकाशा फाडायला घेतला. फाडता फाडता मापांवर नजर गेली. चार कर्ण. दोन्ही खोल्यांचे, अर्ध्या इंचापर्यंत नेमके, एका खोलीचे दोनदा घेतलेले. असे कर्ण एकटी बाई घेऊ शकत नाही, आणि दुसरं टोक धरायला माणूस लागतो असं मीच लिहिलं होतं. तेहतीस वर्षं लोकांच्या मापांतल्या चुका मी टेबलावर बसून धरल्या आणि इथे दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हा साधा प्रश्न मला पडला नाही. पडू दिला नाही. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. ती चूक माझी, तुझी नाही. नकाशा फाडला नाही.

यांना सांगितलं, तर हे नऊ दिवस बोलले नाहीत. माझ्याशीही नाही. पाडव्याला तुझा फोन आला तेव्हा मी झोपले नव्हते, न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. यांना खोटं बोलता येत नाही, तरी बोलले.

मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. यंदा करायचं नाही असंच ठरवलं होतं, पण बायका विचारतात, म्हणून डाळ वाटली, पन्हं केलं. समोरच्या कांचनवहिनी आल्या. पन्ह्याचा पेला हातात घेऊन म्हणाल्या, "सुरेखाताई, तुमची सून मात्र गुणाची हो. दुसरी असती तर वर्षाच्या आत नवं घर शोधलं असतं. ही त्याच्या आठवणीत तिथे एकटी राहिली." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. कौतुकच करत होत्या बिचाऱ्या.

हे आमचंच वाक्य होतं. दीड महिन्यापूर्वी याच वाक्याने मला बरं वाटलं होतं, आणि परक्या बाईच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं की किती वाईट वाक्य आहे ते. चौतीस वर्षांची मुलगी एकटी आहे याचं कौतुक. मी म्हटलं, "एकटी कशाला राहील? लग्न ठरलंय तिचं. घर घेतायत दोघं." पेले तसेच हातात राहिले. हे आतल्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं. रात्री जेवताना नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा बोलले. विचारलं, "मुलगा मांसाहारी आहे का?" मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणाले, "मग विचार की."

तेव्हा विचारते. आणि त्याला पत्र लिहायला सांग. हिंदीत लिहिलं तरी चालेल, आम्हाला वाचता येतं. मास्तर आहे म्हणजे अक्षर बरं असेल. बाईमाणसाला चहा करून देतो हे आवडलं, भयंकर करतो हे सुधारता येईल.

आता घराचं. घे ते घर. कागद मी आणि यांनी दोघांनी वाचला, मंजुरीचा शिक्का स्वच्छ आहे. विसार देण्याआधी स्वयंपाकघराचा कोपरा फोडून बघायची अट घाल, सळई नुसती वरून गंजली असेल तर घासून पुन्हा गिलावा होईल. नळ आधी बदलायचे, रंग मागाहून. त्या दलालाला पुट्टीसकट घरी पाठव. आणि ज्या बाईने सासूसाठी भिंत हलू दिली तिच्याशी फार घासाघीस करू नकोस.

एकच गोष्ट राहिली, जी तू विचारलीस आणि जिच्यासाठी मी महिनाभर शब्द शोधत होते. सांगलीला तू कोण. प्रसाद असताना तू सून होतीस, ते त्याच्यामुळे, बरोबर. पण तो गेल्यावर सव्वादोन वर्षं दर पंधरा दिवसांनी मला पत्र कुणी लिहिलं? ते त्याच्यामुळे नव्हतं. ते तू आणि मी होतो. तुला माहेर नाही म्हणतेस, याचा मला खरंच राग आला. हे घर काय आहे मग? हक्क विचारतेस तो पोटच्या पोरी विचारत नाहीत. मी मेल्यावर विचार.

लग्न कोर्टात करा की मंदिरात, मला मुहूर्ताचं काही नाही. आम्ही येऊ. मला रडू येईल, तेव्हा तुम्ही कुणी घाबरू नका आणि मला गप्प करू नका. ते त्याच्यासाठीचं असेल, तुमच्यावरचं नाही. पण जे काय करायचं ते दिवाळीच्या आत उरका.

कारण असं की, आम्हाला प्रसाद एकटाच. मुलगी नाही. शेजारीपाजारी लेकी-जावई पहिल्या दिवाळीला यायचे, अभ्यंगस्नान, ओवाळणं, जावयाचे रुसवेफुगवे, आणि आम्ही दोघं फराळाची ताटं पोचवून घरी यायचो. चाळीस वर्षांच्या संसारात या घरात दिवाळसण कधी झालेला नाही. काल यांनी कॅलेंडर काढलं आणि वीस ऑक्टोबरच्या अभ्यंगस्नानाआधीच्या शनिवारी पेन्सिलीने लिहून ठेवलं, "ऋता आणि जावई." मी काही सांगितलं नव्हतं.

दिवाळीची रिझर्वेशनं दोन महिने आधी उघडतात आणि तासाभरात संपतात, तेव्हा ऑगस्टमध्ये झोपून राहू नकोस. पुण्यापर्यंत काढ, पुढे हे गाडी घेऊन येतायत. तिकिटं दोन काढ.

तुझी
आई